मूळ गावाचा शोध

इ. स. १८६२ मध्ये वर्धा जिल्हा नागपूरपासून वेगळा झाला आणि १८६७ साली मुंबईचा लोहमार्ग वर्ध्यावरून नागपुरास पोहोचला. हिंगणघाट, वर्धा येथील कापसाच्या पेठांत स्थिरावलेल्या अनेक ओसवाल घराण्यांचे मूळ मारवाडात आहे. मात्र आज पणतवास विचारल्यास तो गोत्र सांगतो, गाव सांगू शकत नाही.

शोधाचा आरंभ घरच्या वह्यांपासून करावा. देशी पाठविलेली रक्कम, लग्नाचा खर्च, यांच्या नोंदीत गावाचे नाव सापडण्याचा संभव असतो. दिवाळीपासून चालणाऱ्या संवतातून डिसेंबरअखेरपर्यंत ५७ आणि त्यानंतर ५६ वजा केले की इसवी सन मिळतो. महाजनी लिपीत काना-मात्रा बहुधा गाळलेल्या असतात. म्हणून एका वाचनावर विसंबू नये.

पुढे मंदिरातील धातुप्रतिमांच्या पाठीमागील लेख पाहावेत. त्यांत संवत, तिथी, गोत्र आणि प्रतिमा भरविणाऱ्याचे नाव आढळते. कोतवाल बुकात जन्म-मृत्यू, तर निबंधक कार्यालयातील जुन्या खरेदीखतात पित्याचे नाव व राहण्याचे ठिकाण मिळू शकते. दोन स्वतंत्र नोंदी जुळल्यावरच नाते निश्चित मानावे. एका पेठेत एकाच नावाचे दोन व्यापारी असणे नवलाचे नाही.

घराच्या वाटणीत दागिन्यांची यादी होते, वह्या मात्र रद्दीत जातात. त्या वाचू शकणारे वृद्धही आता मोजकेच उरले आहेत. येत्या दिवाळीत नव्या वहीचे पूजन करताना जुनी वहीही त्यांच्यासमोर उघडावी आणि ते सांगतील ते लिहून ठेवावे.