आधी घाई, मग धीर



सोयाबीनची काढणी आली की आपल्या औसा भागात विळे आणि मळणीयंत्रे चालू होतात. कडबाकुट्टी तर बारमाही आहेच. हात कापला, रक्त थांबले, टाके पडले की आपण निश्चिंत होतो. महिन्याने कळते की बोटाला चटका बसत नाही, अंगठा वळत नाही. अशा वेळी पुष्कळदा आतला मज्जातंतू तुटलेला असतो.

मज्जातंतू म्हणजे रक्ताची शीर नव्हे. मेंदूचा हुकूम बोटाला पोचवणारी आणि बोटाची जाणीव मेंदूला कळवणारी ती तार आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात किल्लारी भागात माणसे दगडमातीच्या भिंतींखाली दबली. अशा दाबाने मज्जातंतू बधिर होतो. तो तुटला नसेल तर पुष्कळदा आपोआप सुधारतो. मात्र धारेने तुटलेली टोके आपोआप जुळत नाहीत. ती शस्त्रक्रियेनेच जोडावी लागतात, आणि तीही शक्यतो पहिल्या काही दिवसांत.

म्हणून जखम स्वच्छ पाण्याने धुवा, स्वच्छ फडक्याने दाबून धरा. हळद, चुना, तंबाखू, माती भरू नका. धनुर्वाताची सुई घ्या. बोटे बधिर वाटत असतील किंवा हलत नसतील तर डॉक्टरांना आपण होऊन सांगा. गरज पडल्यास औशाहून लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्याच दिवशी जा. ताकदीच्या सुईने तुटलेला तंतू जुळत नाही.

जोडल्यानंतर मात्र धीर हवा. तुटल्या जागेच्या खालचा तंतू मरतो. हे ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकावरील प्रयोगांत दाखवले. वरचे टोक जिवंत असते. उसाच्या बुडख्यातून खोडवा फुटावा तसे त्यातून नवे धुमारे निघतात आणि खालच्या रिकाम्या वेष्टणातून पुढे सरकतात. वेग रोज सुमारे १ मिलिमीटर, म्हणजे महिन्याला जेमतेम एक इंच. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत सहा-सात महिने सहज लागतात; जखम कोपराजवळ असेल तर वर्षही जाते. तोवर हुकूमाविना स्नायू वाळत राहतो. साधारण वर्ष-दीड वर्षात तार पोचली नाही तर तो पुन्हा उभा राहणे अवघड. सुरुवातीची घाई यासाठीच.

या काळात घरच्यांनी चार गोष्टी सांभाळाव्यात :

१. डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून दुसऱ्या हाताने बोटांचा प्रत्येक सांधा रोज हलवावा. सांधा आखडला तर तंतू पोचूनही उपयोग नाही.

२. आधाराची पट्टी दिली असेल तर कंटाळून काढू नये.

३. बधिर हाताने तव्यावरची भाकरी उलटू नये, चुलीत लाकूड सारू नये. भाजले तरी कळत नाही. रोज रात्री हात डोळ्यांनी तपासावा.

४. विडी-तंबाखू सोडावी, साखरेचा आजार आटोक्यात ठेवावा. दोन्हींमुळे सुधारणा मंदावते.

तंतूच्या वाटेवर टिचकी मारल्यावर मुंग्या आल्या आणि त्या मुंग्यांची जागा महिन्यागणिक बोटाकडे सरकली, तर घाबरू नका. खोडवा फुटल्याची ती खूण आहे.

सगळ्यांचाच हात पूर्ववत होतो असे नाही. मुलांचा लवकर सुधारतो, मोठ्यांचा कमी. पण तीन महिन्यांत फरक नाही म्हणून व्यायाम सोडणे म्हणजे निसवायच्या आधीच पीक मोडणे होय.