दशांश कोणी खाल्ला?

६५ मिलिमीटर हा आकडा परभणीच्या शेतकऱ्याला पाठ असतो. महसूल मंडळात चोवीस तासांत त्याहून जास्त पाऊस पडला की अतिवृष्टी. पंचनाम्यांची आणि मदतीची चर्चा तिथून पुढे. पण पाऊस काही पूर्णांकात पडत नाही. समजा, जिंतूर तालुक्यातल्या एका मंडळात ६५.७ नोंदले गेले. नोंद दशांशासह राहिली तर मंडळ यादीत बसते. तीच नोंद कुणी पूर्णांकाच्या चलात टाकली, तर फोरट्रान किंवा सी ही संगणकभाषा जवळचा पूर्णांक शोधत बसत नाही, दशांशाचा भाग सरळ छाटून टाकते. उरतात ६५; आणि ६५ हे ६५हून जास्त नव्हेत.

फोरट्रान १९५७ची म्हणून हसण्यावारी नेऊ नये. हवामानाची आणि पीकवाढीची कितीतरी मोठी प्रारूपे आजही तिच्यातच चालतात. तिचा जुना नियम असा: चलाचा प्रकार सांगितला नसेल, तर आय ते एन या अक्षरांनी सुरू होणारे नाव पूर्णांक समजावे. म्हणजे पावसाच्या चलाला कुणी साधेपणाने ‘एमएम’ नाव दिले, की दशांश गेलाच. ‘इम्प्लिसिट नन’ ही ओळ वर लिहिली की हा धोका टळतो. ती न लिहिणाऱ्याला परीक्षेत नापासच करावे.

बरे, छाटू नका, जवळच्या पूर्णांकावर न्या म्हटले, तरी भांडण मिटत नाही. भारतीय हवामान विभागाचा ‘जोरदार पाऊस’ ६४.५ला सुरू होतो. हा ६४.५ मॅटलॅबला दिला तर ६५ मिळतात. पायथन, आर आणि ज्युलिया यांच्या नेहमीच्या ‘राउंड’ला दिला तर ६४. दोघांपैकी चूक कुणाचीच नाही. मॅटलॅब अर्धा वर ढकलते, बाकीच्या जवळच्या सम संख्येकडे जातात, म्हणजे लाखो नोंदींची बेरीज एकाच बाजूला कलत नाही. संशोधकाला हे उत्तमच. पण ज्याचे सोयाबीन पाण्यात आहे त्याला लाखो नोंदींशी काय देणेघेणे? त्याची नोंद एकच.

या सगळ्यांत ज्युलियाचा एक हट्ट मला आवडतो. ६५.७चा थेट पूर्णांक मागितला तर ती चूक दाखवून थांबते. छाटायचे की जवळच्या पूर्णांकावर न्यायचे, ते आधी तुम्हीच सांगा म्हणते. सरकारी कामात हाच हट्ट हवा. आकडा कसा तोडायचा हा निर्णय भाषेच्या सवयीवर किंवा कंत्राटदाराच्या अंगवळणी पडलेल्या पद्धतीवर सोडता येत नाही, कारण त्यावर कुणाची तरी पात्रता ठरते. तेव्हा मदतीच्या शासन निर्णयात दोन गोष्टी स्पष्ट लिहाव्यात: नोंद एका दशांशापर्यंत जपावी, आणि तुलना मूळ नोंदीशीच करावी. १९७२पासून परभणीत कृषी विद्यापीठ आहे. तिथल्या कृषी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने पहिला प्रोग्राम पर्जन्यनोंदीवर लिहावा आणि छाटलेला पाऊस शोधून दाखवावा.

आणि शेतकऱ्यांनी तहसिलात मंडळाचा पाऊस विचारताना दशांशासह आकडा मागावा.