यंत्र स्वदेशी, दप्तर कोणाचे?

२७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातील झारसुगुडा येथे पंतप्रधानांनी भारत संचार निगमच्या स्वदेशी ४-जी जाळ्याचे लोकार्पण केले. सी-डॉटने घडवलेला गाभा, तेजस नेटवर्क्सची रेडिओ यंत्रणा आणि या साऱ्याची जुळणी करणारी टीसीएस असा हा संच आहे. अशी यंत्रणा स्वबळावर उभारणारे देश हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. या यशाचा अभिमान वाटण्यात संकोच करण्याचे कारण नाही. मात्र अभिमानाचे ढोल वाजू लागले की हिशेबाची वही बाजूला पडते, हा आपल्याकडचा जुना अनुभव आहे. म्हणूनच विचारले पाहिजे की, यंत्र आपले झाले, पण त्या यंत्राचे दप्तर आपल्या ताब्यात आहे काय?

दप्तर म्हणजे काय? कोणती केबल कोणत्या रस्त्याच्या कोणत्या बाजूने किती खोल गेली आहे, कोणता टॉवर तिच्यावर अवलंबून आहे, कोणत्या खोलीत कोणता राउटर आहे आणि त्यात शेवटचा बदल कोणी, कधी केला, याची खरी नोंद. शेतकऱ्याला सातबाऱ्याचे महत्त्व सांगावे लागत नाही. जमीन विकली गेली आणि फेरफाराची नोंदच झाली नाही, तर पुढे काय अनर्थ होतो हे गावोगावच्या कज्जेदलालीने आपल्याला शिकवले आहे. दूरसंचाराच्या जाळ्यात असे फेरफार दररोज होतात. नोंद मात्र सवडीने होते, किंवा होतच नाही.

सध्या सल्लागार मंडळींनी स्वयंचलनाचा जप आरंभला आहे. संगणक बिघाड आधीच ओळखेल, स्वतःच दुरुस्त करेल, माणसांची गरजच उरणार नाही, असे स्वप्न विकले जात आहे. आमचा स्वयंचलनाला विरोध नाही. हजारो टॉवरांवर मानवी डोळ्यांनी पहारा ठेवणे अशक्यच आहे. दोन गावांमधली एक फायबर तुटली की नियंत्रण कक्षात धोक्याच्या शेकडो सूचना एकदम येऊन आदळतात, कारण तिच्या पलीकडचा प्रत्येक टॉवर आपापली ओरड करू लागतो. त्या गलक्यातून नेमका घाव शोधणे हे संगणकाचे काम खरे. पण कोणता टॉवर कोणत्या केबलवर आहे, हे त्याला ठाऊक असेल तरच! रस्ता रुंद करताना केबल हलवली आणि वहीत जुनाच मार्ग राहिला, तर संगणक दुरुस्ती पथकाला पूर्ण आत्मविश्वासाने चुकीच्या ठिकाणी पाठवील. गोंधळलेला माणूस निदान चार जणांना विचारतो. संगणक विचारत नाही.

आणि विचारायचे तरी कोणाला? ३१ जानेवारी २०२० या एकाच दिवशी भारत संचार निगममधील ७८ हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्त झाले, म्हणजे जवळपास निम्मे मनुष्यबळ. योजना पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी होती. वेतनाचा भार असह्य झाला होता, हे मान्य. परंतु कोणत्या पुलाखाली जोड आहे, कोणत्या वडाजवळ केबलने वळण घेतले आहे, हे ज्या लाइनमनांना तोंडपाठ होते, तेही त्यांतच होते. त्यांच्या निरोपसमारंभांत शाल-श्रीफळ दिले गेले असेल. त्यांच्या स्मरणातील नकाशा कागदावर उतरवून घेण्याची निकड मात्र कोणाला वाटली? पगाराची बचत ताळेबंदात दिसते. गेलेले ज्ञान कोणत्याच रकान्यात दिसत नाही.

दप्तराच्या ढिलाईची किंमत काल्पनिक नाही. महालेखापरीक्षकांनी २०२५ मध्ये दाखवून दिले की, रिलायन्स जिओने निगमच्या टॉवरांवर वापरलेल्या वाढीव तंत्रज्ञानाचे बिलच निगमने आकारले नाही. मे २०१४ ते मार्च २०२४ या काळात सरकारी तिजोरीला त्यामुळे सुमारे १,७५७ कोटी रुपयांचा फटका बसला. टॉवर आपला, करार आपला, तरीही बिल नाही! टॉवरवर काय चढले आहे याची नोंद आणि बिलाचे टेबल यांची गाठ संगणकाने आपोआप घातली असती, तर ही गफलत दहा वर्षे टिकली असती काय? खोदकामाचेही तसेच. अनिर्बंध खोदाईत केबल आणि नळ तुटून देशाचे वर्षाकाठी सुमारे ३,००० कोटींचे नुकसान होते, असे सरकारनेच मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू करताना सांगितले. ॲप उत्तम आहे. पण जेसीबीवाल्याने विचारले आणि केबलच्या मालकालाच केबल कोठे आहे हे ठाऊक नसेल, तर ॲपने काय करावे?

यंत्राच्या निर्णयावर डोळे मिटून विसंबणाऱ्यांनी कॅनडाकडेही पाहावे. ८ जुलै २०२२ रोजी तेथील रॉजर्स या कंपनीचे जाळे कोसळले आणि सव्वा कोटीच्या आसपास ग्राहक तासन् तास संपर्काबाहेर गेले. आपत्कालीन क्रमांक लागेनात, दुकानांतले कार्डव्यवहार थांबले. सात टप्प्यांच्या सुधारणेतला तो सहावा टप्पा होता. राउटरमधील एक गाळणी काढून टाकली गेली आणि मार्गांच्या माहितीचा लोंढा गाभ्यावर कोसळला. नियामकासाठी झालेल्या चौकशीत उघड झाले ते आणखी बोलके आहे. आरंभी हे काम ‘अति जोखमीचे’ ठरवले होते, पण आधीचे टप्पे सुरळीत पार पडताच संगणकीय सूत्रानेच ती जोखीम ‘अल्प’ करून टाकली! पुढे अभियंत्यांना दुरुस्तीसाठी आत शिरता येईना, कारण देखरेखीची वाटही त्याच कोसळलेल्या जाळ्यातून जात होती. त्यांचे मोबाइलही त्याच कंपनीचे. घराला आग लागावी आणि विहिरीची दोरी त्याच घरात असावी, तशातला हा प्रकार.

आता स्वदेशीचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्याच मंडळींना दोन शब्द. २००४ मध्ये भारती समूहाने आपले नेटवर्क चालवण्याचे काम एरिक्सनसारख्या परदेशी पुरवठादारांकडे सोपवले, तेव्हा व्यवस्थापनाच्या वर्गांतून त्याचे गोडवे गायले गेले. जून २०२१ पासून उपकरणे केवळ विश्वासार्ह स्रोतांकडूनच घेण्याचे बंधन आले, हे योग्यच झाले. परंतु ते बंधन प्रामुख्याने येणाऱ्या यंत्राचे कूळ तपासते. जाळ्याची माहिती कोणाच्या सर्व्हरवर, कोणाच्या साच्यात साठते, हा प्रश्न वेगळा आहे आणि पुरवठादार भारतीय असला म्हणून तो आपोआप सुटत नाही. करार संपताच निगमला स्वतःचेच दप्तर वाचता येईनासे झाले, तर कुलूप देशी असल्याचे समाधान कितीसे पुरेल?

हे जाळे पुढे ५-जीवर नेता येईल, असे सांगितले जाते. तो घाट घालण्यापूर्वी फेरफाराची नोंद झाल्याशिवाय ठेकेदाराचे बिल निघणार नाही, असा नियम करावा. माहितीचा साचा खुला आणि निगमच्या मालकीचा असावा. देखरेखीची वाट मुख्य जाळ्यापासून अलग हवी, आणि यंत्राने सुचवलेला मोठा बदल थांबवण्याचा अधिकार कक्षात बसलेल्या अभियंत्याकडे हवा. निवृत्त लाइनमन आजही आपल्या गावात आहेत. त्यांना मानधन देऊन पुन्हा त्या रस्त्यांवरून चालवावे आणि नकाशे दुरुस्त करून घ्यावेत. हे काम त्यांच्या हयातीतच होऊ शकते. महाराष्ट्र परिमंडळाने एका जिल्ह्यापासून आरंभ करावा. शंभर टॉवर निवडावेत, नोंदवहीशी प्रत्यक्ष ताडून पाहावेत आणि त्यांपैकी किती जुळले, तो आकडा जाहीर करावा.