नथीतली तार

सणासुदीला नथ डबीतून बाहेर निघते. मोत्यांच्या पाण्याचे, मधल्या लाल खड्याचे कौतुक होते. पण हे सारे ज्या बारीक तारेने धरून ठेवलेले असते, तिच्याकडे सहसा कुणी पाहत नाही. नथ जरा उलटी करून पाहावी. मोत्याला आच सोसत नाही, तापला की त्याची चमक जाते. म्हणून त्याला डाख देता येत नाही; तो तारेत ओवून, वळसे देऊन बांधावा लागतो. हे जमते ते सोन्याच्या गुणामुळे. एक ग्रॅम सोन्यापासून सुमारे दोन किलोमीटर लांबीची तार ओढता येते!

कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी चांदीच्या पैंजणांसाठी प्रसिद्ध आहे. तिथे आणि आसपासच्या गावांत चांदीच्या तारेच्या कड्या एकमेकींत गुंतवण्याचे काम घरोघरी बायका करत आल्या आहेत.

ही तारेची वीण घरीही शिकता येते. सोने-चांदी नको, भट्टीही नको. तांब्याची सुमारे एक मिलिमीटर जाडीची तार आणि दुसरी तिच्या निम्म्याहून बारीक, एवढे पुरे. मोटार वाइंडिंगच्या दुकानात अशी तार मिळते. जाड तारेचे दोन तुकडे शेजारी शेजारी धरावेत. बारीक तारेचे दोन वेढे एकीला, मग दोन वेढे दोघींना मिळून द्यावेत. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याला नखाने सरकवून भिडवावा. हाच क्रम पुढे चालू ठेवला की पट्टी तयार होते. शेवटची टोके पकडीने आत दाबावीत, नाहीतर ती कातडीला टोचतात. एकाच जागी तार पुन्हापुन्हा वाकवू नये. ती कडक होऊन तुटते.

पहिली पट्टी वाकडीतिकडी होईल. बोटे दुखतील. संध्याकाळ सरेल आणि हातात जेमतेम दोन बोटे वीण असेल. कुणी असे दागिने विकायला काढले, तर किंमत तांब्याच्या वजनावर सांगू नये. त्यात गेलेले तास धरून सांगावी.

सोन्या-चांदीचा भाव रोज वर्तमानपत्रात छापून येतो. हातांचा भाव कुठे छापत नाहीत. नथ दुरुस्तीला टाकताना मजुरीची घासाघीस करण्यापूर्वी निदान वीतभर वीण स्वतः घालून पाहावी.