दमा : आजारापेक्षा पंपाचेच भय अधिक

मे महिन्यातील पहिला मंगळवार ‘जागतिक दमा दिन’ म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने दरवर्षी समोर येणारी एक तफावत अस्वस्थ करणारी आहे. जागतिक रोगभार अभ्यासाच्या २०१९ च्या आकडेवारीनुसार जगातील दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत. दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी मात्र ४० टक्क्यांहून अधिक मृत्यू भारतात होतात. आजार तोच आणि औषधेही तीच. मग ही माणसे का दगावतात?

हवेचे प्रदूषण हे एक कारण आहेच. मुंबईच्या ढासळलेल्या हवेची दखल उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये स्वतःहून घेतली होती. परंतु सारा दोष हवेला देऊन आपली सुटका होणार नाही. दम्याला दमा म्हणण्याचीच आपली तयारी नसते. मूल पहाटे खोकत उठते, तेव्हा ‘सर्दी छातीत उतरली’ असे म्हणून सिरपची बाटली आणली जाते. मुलगी लग्नाची असेल, तर घरात तो शब्दही उच्चारला जात नाही. कित्येकदा डॉक्टरही पालकांना धक्का बसू नये म्हणून ‘ॲलर्जीचा खोकला’ असे सौम्य नाव देतात. हेतू चांगला असला तरी त्यामुळे नियमित उपचार लांबतात.

वारंवार येणारा कोरडा खोकला, श्वास सोडताना छातीत होणारी घरघर, छाती आवळल्यासारखी वाटणे, धाप लागणे ही दम्याची लक्षणे होत. ती रात्री व पहाटे वाढतात. हसल्यावर, धावल्यावर, थंड हवेत उफाळतात आणि मधले काही दिवस नाहीशीही होतात. या मधल्या दिवसांमुळेच आपण फसतो. प्रत्येक घरघर दम्याचीच असते असे नाही. म्हणून श्वासाची तपासणी (स्पायरोमेट्री) करून घेणे इष्ट.

आता पंपाविषयी. ‘एकदा लागला की सुटत नाही’ हा समज आपल्याकडे घट्ट रुजला आहे. वस्तुतः पंपातील स्टेरॉइडची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात मोजली जाते आणि औषध थेट श्वासनलिकेत पोहोचते. ज्या गोळ्या आपण निर्धास्तपणे गिळतो, त्यांची मात्रा कित्येक पटींनी अधिक असून ती साऱ्या शरीरात पसरते. पंपाची सवय लागत नाही; आजार दीर्घकालीन असल्याने औषधही दीर्घकाळ लागते, इतकेच.

खरा धोका वेगळाच आहे. केवळ तात्पुरता आराम देणारा साल्ब्युटामोलचा पंप अनेक जण वर्षानुवर्षे ओढत राहतात. त्याने श्वासनलिका सैल होते, पण आतील सूज तशीच राहते. म्हणूनच ‘जिना’ या जागतिक संघटनेने २०१९ पासून प्रौढ व किशोरवयीन रुग्णांना हा पंप एकटाच देऊ नये, सोबत सूज उतरवणारे स्टेरॉइड असावेच, अशी शिफारस केली आहे. लहान मुलांना पंप स्पेसर लावून द्यावा आणि स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरावी. बरे वाटू लागले म्हणून औषध आपल्या मनाने थांबवू नये.

घरातील पथ्येही साधीच आहेत. उशा-गाद्यांना ऊन द्यावे, अभ्रे गरम पाण्याने धुवावेत, पावसाळ्यात भिंतीवरील बुरशी पुसून काढावी. मच्छर अगरबत्ती, विडी-सिगारेट, चुलीचा धूर आणि लग्नातील फटाके यांपासून दमेकऱ्याला दूर ठेवावे. देवळात धुपाने त्रास होत असल्यास त्याने दाराजवळच्या बाकावर बसण्यात संकोच कसला?

बोलताना वाक्य पुरे होत नसेल, बरगड्यांमधील त्वचा आत ओढली जात असेल, ओठ निळसर पडले असतील किंवा पंपाने आराम पडत नसेल, तर सकाळची वाट पाहू नये. रुग्णाला आडवे न करता ताठ बसवावे, पंप देत राहावे आणि त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका विनामूल्य मिळते.