गलबत कोणाचे, दस्तक कोणाचे?

१/ भारतीय ॲनिमेशनची चर्चा निघाली की एक वाक्य हमखास ऐकू येते : 'आपल्याकडे तसे कलावंतच नाहीत.' हे मत जितके लोकप्रिय, तितकेच निराधार आहे. कलावंत होते आणि आहेत. केलेले काम प्रेक्षकापर्यंत नेणाऱ्या वाटेवर मात्र त्यांचा हक्क नव्हता. हा भेद समजून घेण्यासाठी हॉलिवूडच्या आधी अलिबागला जावे लागते.

२/ अलिबागसमोर भरतीच्या पाण्यात कुलाबा किल्ला उभा आहे. या किनाऱ्यावर पोर्तुगिजांनी जवळपास दोन शतके 'कार्ताझ' नावाचा परवाना चालवला. परवाना नसेल तर गलबत आणि माल दोन्ही जप्त. चौल-रेवदंड्याला त्यांचे ठाणेच होते. पुढे कान्होजी आंग्र्यांनी त्याच समुद्रात स्वतःचे दस्तक सुरू केले. मुंबईकर इंग्रजांनी ते मानण्यास नकार दिला. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परतले. वाद गलबतातल्या मालाचा नव्हताच. ये-जा करू देण्याचा अधिकार कोणाचा, एवढाच प्रश्न होता.

३/ चित्रपटाच्या धंद्यात हे दस्तक वितरकाच्या हाती असते. देशाचे विभाग पाडलेले असतात आणि विभागवार हक्क विकले जातात. रायगडचा किनारा मुंबई विभागात मोडतो. म्हणजे पेण-अलिबागच्या पडद्यावर काय झळकणार, याचा निर्णय मुंबईतल्या कचेरीत होतो. चित्रपट कोणी घडवला हे इतिहासाची पुस्तके सांगतात. तो कोणी पोहोचवला आणि त्या बदल्यात काय घेतले, याबद्दल ती बहुधा गप्प असतात.

४/ आता 'कलावंत नाहीत' या दाव्याची तपासणी करू. १९१२ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपून चित्रित केली आणि ती दाखवून भांडवल मिळवले. 'राजा हरिश्चंद्र' त्यानंतरचा. पुढे त्यांनी 'आगकाड्यांची मौज' या लघुपटात काड्यांना पडद्यावर चालते केले. १९३४ मध्ये प्रभातने 'जंबू काका' हे व्यंगचित्रपटाचे अपत्य जन्माला घातले, तेव्हा अमेरिकेतला मिकी माऊस अवघा सहा वर्षांचा होता. कौशल्यात अंतर असेलही. पण आरंभ करण्यात महाराष्ट्र मागे नव्हता.

५/ मिकीचा जन्मही एका करारात झालेल्या फसगतीतून झाला. वॉल्ट डिस्ने आणि अब आयवर्क्स यांनी 'ऑस्वल्ड' हा ससा घडवला. तो मिंट्झ या मध्यस्थामार्फत युनिव्हर्सल कंपनीकडे जाई. १९२८ मध्ये डिस्ने वाढीव मोबदला मागायला गेले, तेव्हा कळले की ससा कागदोपत्री युनिव्हर्सलचा आहे आणि बहुतेक चित्रकारही मिंट्झने फोडले आहेत. त्यानंतर घडवलेल्या उंदराची मालकी डिस्नेंनी सोडली नाही. १९५३ मध्ये त्यांनी 'ब्युएना व्हिस्टा' ही स्वतःची वितरण कंपनीही काढली.

६/ इतिहासाचा उपरोध असा की दस्तक हाती येताच डिस्ने कंपनीने तोच धडा इतरांना शिकवला. १९९१ मध्ये पिक्सारशी तीन चित्रपटांचा करार झाला. 'टॉय स्टोरी' घडवली पिक्सारने; पात्रांचा आणि पुढील भागांचा हक्क मात्र डिस्नेकडे राहिला. पुढे २००४ मध्ये नव्या कराराची बोलणी फिसकटली, तेव्हा पिक्सारला वगळून तिसरा भाग काढण्यासाठी डिस्नेने वेगळा स्टुडिओच थाटला. अखेर २००६ मध्ये ७.४ अब्ज डॉलरला पिक्सारच विकत घेऊन हा तंटा मिटवला गेला.

७/ यावर एक आक्षेप येतो : वितरक पैसा गुंतवतो, जाहिरातीचा खर्च सोसतो, चित्रपट पडला तर बुडतो, मग त्याने हक्क का मागू नये? जोखमीचा मोबदला त्याला जरूर मिळावा. परंतु तरीवाला नदी ओलांडून देण्याचे भाडे घेतो, प्रवाशाच्या गाठोड्यावर मालकी सांगत नाही. एका चित्रपटाच्या वितरणाबदल्यात पात्रावर कायमचा ताबा मागणे, हे भाड्याच्या नावाखाली गाठोडे घेणेच आहे.

८/ वाट मोकळी असली की काय घडते, याचा दाखलाही आपल्याच देशात आहे. फिल्म्स डिव्हिजनचे लघुपट दाखवणे चित्रपटगृहांना परवान्याच्या अटीनेच बंधनकारक होते. १९५६ मध्ये तिथे व्यंगपट विभाग सुरू झाला आणि डिस्नेचे माजी चित्रकार क्लेअर वीक्स यांनी राम मोहन यांच्यासारखे तरुण तयार केले. विजया मुळे यांचा 'एक अनेक और एकता' हा १९७४ चा जेमतेम सात मिनिटांचा लघुपट दूरदर्शनमुळे घरोघरी पोहोचला आणि आजही लोकांच्या ओठांवर आहे. अर्थात ही वाट सरकारी होती, त्यामुळे विषयांवरही सरकारचेच दस्तक असे. तरीही जिथे वाट मिळाली तिथे प्रेक्षक मिळाला, एवढे त्यातून निर्विवाद सिद्ध होते.

९/ आज मुंबई-पुण्याच्या स्टुडिओंतून परदेशी चित्रपटांची कामे होतात. तरुण हात रात्र-रात्र जागतात; त्यांचे नाव श्रेयनामावलीच्या तळाशी येते आणि मालकी कुठेच येत नाही. त्यांना कौशल्याचे प्रवचन देण्याआधी करार वाचायला शिकवणे गरजेचे आहे. पात्र कोणाचे? पुढील भाग कोणाचा? हक्क किती वर्षांसाठी? हिशेबाची वही पाहण्याचा अधिकार कोणाला?

१०/ कुलाब्याच्या तटावर उभे राहून छायाचित्रे काढणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे : कान्होजी उत्तम गलबते बांधून थांबले नाहीत. त्यांनी दस्तकही स्वतःचे काढले.