पौरुषाचा बाजार आणि सल्ल्याचा दुष्काळ

पुणे–लोणावळा लोकलच्या डब्यात किंवा एस.टी. स्थानकाच्या भिंतीवर ‘मर्दानी कमजोरी’वर खात्रीचा इलाज सांगणारी पत्रके कोणी पाहिली नाहीत? लैंगिक शक्ती वाढविणाऱ्या औषधांची जाहिरात करण्यास १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तरीही पत्रके चिकटतच आहेत. ज्या प्रश्नाचे उत्तर घरात, शाळेत वा दवाखान्यात मिळत नाही, ते माणूस भिंतीवर शोधतो. या जुन्या बाजारात आता टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची भर पडली आहे.

सल्ल्याची ही भूक आजची नाही. पुण्यात शिक्षण झालेले र. धों. कर्वे १९२७ ते १९५३ या काळात ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवीत होते. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यांनी उघड उत्तरे दिली, म्हणून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. तरीही कर्व्यांना दंड झाला. शास्त्रीय सल्ला ज्या समाजात गुन्हा ठरतो, तेथे भोंदूंचे फावले तर नवल ते काय?

टेस्टोस्टेरॉन हे औषध खोटे नाही, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. ज्यांचे वृषण जन्मतः, आजाराने, अपघाताने वा कर्करोगाच्या उपचाराने निकामी झाले आहेत, किंवा ज्यांच्या पीयूषिका ग्रंथीत बिघाड आहे, त्यांना त्याची खरी गरज असते, आणि ती बहुधा जन्मभराची असते. जन्माने स्त्री नोंदल्या गेलेल्या परंतु पुरुष म्हणून जगणाऱ्या व्यक्तींनाही त्याची गरज पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत ते आहे. प्रश्न आहे तो औषध कोणाला, कोणत्या तपासणीनंतर आणि काय सांगून दिले जाते, याचा.

चाकणच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा चाळिशीचा कामगार थकतो, त्याची झोप उडते, इच्छा मंदावते. बाजार त्याला सांगतो, ‘तुमचे हार्मोन कमी झाले.’ पण थकव्यामागे मधुमेह, रक्तक्षय, थायरॉईडचा विकार, खिन्नता, अपुरी झोप वा कर्जाची चिंताही असू शकते. अपुऱ्या झोपेने आणि लठ्ठपणाने टेस्टोस्टेरॉनही घटते. लक्षणे असतील आणि सकाळी लवकर, दोन वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या रक्तात पातळी कमी आढळेल, तरच निदान करावे, असा वैद्यकाचा दंडक आहे. केवळ वाढत्या वयामुळे झालेली घट हे उपचाराचे मान्य कारण नाही, असे अमेरिकेच्या औषध नियामकानेही २०१५ साली बजावले. श्रमव्यवस्थेने दिलेला थकवा व्यक्तीच्या ग्रंथीवर ढकलणे मालकाला आणि विक्रेत्याला, दोघांनाही सोयीचे असते!

याहून गंभीर गोष्ट अशी की, हे औषध बाहेरून घेतल्यावर शरीरातील शुक्रजंतूंची निर्मिती मंदावते, कधी थांबतेही. ज्याला मूल हवे आहे त्याला ते देऊ नये. तरीही व्यायामशाळेत पिळदार शरीराच्या मोहाने, चिठ्ठीवाचून, तरुण ही इंजेक्शने टोचून घेतात. पुढे मूल होत नाही, तेव्हा दोष पत्नीच्या माथी मारला जातो. उपासतापास तिला, टोमणेही तिलाच. इंजेक्शने थांबविल्यावर शुक्रजंतू बहुधा परततात, पण त्याला महिने, क्वचित वर्षाहून अधिक काळ लागतो. एका वाक्याच्या सल्ल्याने किती संसारांतील हे दुःख टळेल!

उपचाराचे पर्याय अनेक आहेत. दोन-तीन आठवड्यांनी घ्यावयाचे इंजेक्शन स्वस्त पडते, पण त्याने पातळी चढते-उतरते आणि रोजंदारीवरच्या माणसाचा दर खेपेस खाडा होतो. दहा ते चौदा आठवडे टिकणारे इंजेक्शन सोयीचे, पण महाग आहे. रोज कातडीवर चोळावयाचे जेल आहे. ते वाळेपर्यंत व झाकेपर्यंत बायकामुलांचा स्पर्श टाळावा लागतो. जेवणाबरोबर घ्यावयाच्या कॅप्सूलही आहेत. कोणताही पर्याय घेतला तरी रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण आणि प्रोस्टेट ग्रंथी यांवर लक्ष ठेवावे लागते. प्रोस्टेटचा कर्करोग असणाऱ्यास हे औषध साधारणतः वर्ज्य असते. हृदयविकाराचा धोका असलेल्या पाच हजारांहून अधिक पुरुषांवरील एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. हृदयविकाराचे झटके व पक्षाघात औषधामुळे वाढल्याचे त्यात दिसले नाही. मात्र हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकणे हे प्रकार अधिक आढळले. घाबरविणे जितके चूक, तितकेच निर्धास्त करणेही चूक.

हे सारे समजावून सांगायला अर्धा तास लागतो. बाजारात इंजेक्शनाला किंमत आहे, या अर्ध्या तासाला नाही. ज्याला किंमत नाही ते बाजार पुरवीत नाही, हा अर्थशास्त्राचा साधा धडा आहे. म्हणून ही जबाबदारी सार्वजनिक आरोग्यसेवेने उचलली पाहिजे. ससून, औंधचे जिल्हा रुग्णालय आणि महापालिकेचे कमला नेहरू रुग्णालय येथे पुरुषांच्या लैंगिक आरोग्यासाठी ठराविक दिवशी, कामगारांना सोयीच्या सायंकाळच्या वेळी, खाजगीपणा राखणारा समुपदेशन विभाग असावा. तपासणी मोफत व्हावी, आणि ज्याला औषध खरोखर हवे त्याला ते परवडावे. चिठ्ठीवाचून विक्री करणाऱ्यांवर अन्न व औषध प्रशासनाने कारवाई करावी.

कार्यकर्त्यांनी हा विषय चावट समजून टाळू नये. युनियनच्या सभेत पगाराबद्दल बोलणारा कामगार आपल्या शरीराबद्दल गप्प राहतो आणि त्या मौनाची किंमत भोंदूला मोजतो. आरोग्य शिबिरात रक्तदाब तपासतात, त्याच टेबलाशी हाही प्रश्न विचारता आला पाहिजे. उत्तर देणाऱ्यावर आज खटला होणार नाही.